गोव्यातली रात्रीच्या जेवणाची बोट : नान्नांना न्यावं का?

भद्रावतीपेठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पंधरा दिवस घरात एकाच गोष्टीवरून बोलणं चाललंय आणि काही ठरत नाही, म्हणून इथं विचारते.

माझे वडील या डिसेंबरात ७५ पूर्ण करतायत. घरी आम्ही तेलुगू, म्हणून वडील नान्ना आणि आई अम्मा. नान्नांची चाळीस वर्षं यंत्रमागावर गेली. आधी दुसऱ्याच्या कारखान्यात, नंतर स्वतःचे चार माग टाकले, टर्किश टॉवेलचे. अम्मानं त्याच शेडमध्ये बसून कांड्या भरल्या. दोघांनी आम्हा तिघा भावंडांना शिकवलं, लग्नं करून दिली, आणि स्वतः तिरुपती, श्रीशैलम, पंढरपूर यापलीकडे कधी गेले नाहीत. नान्ना नावेत बसलेत ते एकदाच, चंद्रभागेला भरपूर पाणी होतं तेव्हा. पन्नास वर्षं होत आली त्याला, पण नावाड्यानं किती पैसे घेतले ते अजून सांगतात.

आमच्या सोलापुरातल्या होटगी रोडच्या विमानतळावरून २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, तेव्हापासून त्यांच्या मनात गोवा बसलाय. विजापूर, बेळगाव, चोर्ला घाट असं गाडीनं जायचं तर अख्खा दिवस जातो आणि अम्माचे गुडघे तेवढा वेळ बसू देत नाहीत. आता तिकिटं काढलीत. ते दोघं, मी, आमचे हे आणि चौदा वर्षांचा मुलगा. चार दिवस.

एजंट म्हणतोय, पणजीत मांडवी नदीवर डिनर क्रूझ घ्याच. अडीच तास, नाच, गाणी, डीजे आणि बुफे. माणशी १,९०० रुपये, म्हणजे पाच जणांचे साडेनऊ हजार, वर हॉटेलपासून गाडीचे वेगळे. पैसे आम्ही तिघं भावंडं मिळून घालणार आहोत, त्याची अडचण नाही. पण नान्ना अजून प्रत्येक रक्कम टॉवेलच्या डझनात मोजतात. साडेनऊ हजार ऐकल्यावर त्यांच्या तोंडात घास उतरला पाहिजे, एवढीच काळजी.

खरी अडचण कानांची आहे. मागांच्या खडखडाटात त्यांचं ऐकणं गेलं. दोन्ही कानांना मशीन आहे. लग्नात बँड सुरू झाला की ते मांडवाबाहेर जाऊन बसतात. मग अडीच तास डीजेच्या बोटीवर, जिथून उठून बाहेर जाताही येत नाही, तिथं त्यांना बसवायचं का? अम्माला साखर आहे, गोळी आणि जेवण आठच्या आत लागतं. आणि तिच्या मनात भीती आहे. २०२४ च्या मे महिन्यात उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्यानं कुगावची बोट उलटली आणि सहा जण गेले, तेव्हा ती दोन दिवस टीव्हीसमोरून उठली नव्हती. बोट म्हटलं की तिला तेच आठवतं.

मुलाला डीजे पाहिजे. हे म्हणतात, आयुष्यात एकदाच जायचंय, घेऊन टाक. तुमच्यापैकी कोणी वयस्कर माणसांना घेऊन गेलं असेल तर नेमकं काय काय झालं ते सांगा. नुसतं छान होतं किंवा वाईट होतं, एवढ्यानं माझं भागणार नाही.

जुळेसोलापूर

ताई, मी फेब्रुवारीत ऑफिसच्या बारा जणांबरोबर गेलो होतो. आम्हाला मजा आली. पण आम्ही सगळे तिशीतले, तुमच्यासोबत वडीलधारी आहेत, म्हणून जसं झालं तसं सांगतो.

धक्क्यावर सव्वाआठला बोलावलं, बोट सुटली नऊला. वरचा मजला उघडा, समोर छोटं स्टेज, प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीनं. निवेदक आधी लहान मुलांना स्टेजवर बोलावतो, मग जोडप्यांना, मग फक्त बायकांना, मग फक्त पुरुषांना. मधे गोव्याचे दोन-तीन नाच होतात, ते खरंच चांगले होते, नाचणारी पोरं जीव तोडून नाचत होती. उरलेला वेळ हिंदी-पंजाबी गाणी आणि डीजे. स्पीकर स्टेजच्या दोन्ही बाजूंना. आम्ही तिसऱ्या ओळीत होतो, छातीत धडधडायचं.

जेवण खालच्या मजल्यावर, पावणेदहाला उघडलं. दोन्ही मजल्यांवरची सगळी माणसं एकदम जिन्यात. पनीर, डाळ, जिरा राइस, चिकन शाकुती, फिश करी, गुलाबजाम. चव वाईट नव्हती, पण लग्नातल्या शेवटच्या पंगतीला बसल्यासारखं वाटलं. पोळ्या संपल्या होत्या, पुन्हा आल्या त्या गार. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. साखरेच्या माणसाला मात्र ही वेळ जमणार नाही.

पणजीतला_सोलापूरकर

ऐका की ओ ताई. मी मूळ मंगळवार पेठेतला, आता अकरा वर्षं पणजीत आहे. त्यातली सहा वर्षं बोटींना जेवण पुरवणाऱ्या केटररकडे काढली, त्यामुळे हे सगळं आतून बघितलंय.

पहिल्यांदा एजंटला एवढंच विचारा : बोट चालते की उभी असते? मांडवीत कॅसिनोची मोठी जहाजं नांगर टाकून उभी आहेत. ती कुठंही जात नाहीत. छोट्या बोटीनं तिथं नेतात, आत जेवण आणि नाचगाणी असतात, आणि एजंट लोक त्यालाही क्रूझ म्हणून विकतात. जुगाराच्या मजल्यावर २१ वर्षांखालच्यांना सोडत नाहीत. तुमचा मुलगा चौदाचा. पोचल्यावर हे कळण्यापेक्षा आताच लेखी घ्या.

बोट चालणारी असेल तर त्यातही दोन प्रकार. मांडवी पुलाजवळच्या सांता मोनिका धक्क्यावरून संध्याकाळी तासाभराच्या फेऱ्या निघतात. आणि दुसरी ही रात्रीची, जेवणाची. नदी तीच, रस्ताही जवळपास तोच : धक्क्यावरून पश्चिमेला, पणजी शहराच्या कडेनं, समुद्राच्या दिशेनं जायचं आणि वळून परत यायचं. नाचही तेच. जास्तीचे पैसे जातात ते जेवणाचे आणि लांबवलेल्या वेळेचे.

आता जेवणाचं. बोटीवर स्वयंपाकाला जागा नसते. आम्ही दुपारी तीनला रांधायला घ्यायचो, सहाला डबे भरायचो, सातला धक्क्यावर पोचवायचो. ते जेवण खालून ज्योत लावलेल्या भांड्यांत गरम ठेवायचं आणि पावणेदहाला वाढायचं. म्हणजे तुमच्या पानात पडणारी डाळ सहा तासांपूर्वीची. आम्ही काळजीनं करायचो, कधी काही खराब दिलं नाही, पण ताज्या जेवणाची आणि त्या जेवणाची बरोबरी होत नाही. पोळीचं तर विचारूच नका. बोटीवर पोळी चांगली देता येत नाही, हे मी सहा वर्षं करून सांगतोय.

अम्मांच्या गुडघ्यांसाठी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. मांडवीला भरती-ओहोटी आहे. पाणी वर-खाली होतं तशी बोटही होते, आणि धक्क्यावरून बोटीत जायची फळी कधी सपाट तर कधी चांगलीच उतरती असते. त्या दिवशीची भरतीची वेळ हॉटेलात विचारा, ते सांगतात. चढायच्या-उतरायच्या वेळेला भरती गाठली तर अर्धा त्रास वाचतो. नाहीच जमलं तर खलाशाला आधी सांगा, दोघं जण हात देतात. आणि जिना चढवू नका, खालच्या मजल्यावर कठड्याशी बसवा.

रात्री दिसतात ते दिवे, आणि त्यातले निम्मे कॅसिनोच्या पाट्यांचे. संध्याकाळच्या फेरीत नदी दिसते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, म्हणून सगळ्यात आधीची फेरी धरा. निघाल्यावर डावीकडे जुनं सचिवालय लागतं. तो मुळात विजापूरच्या आदिलशहाचा वाडा, नंतर पोर्तुगिजांनी घेतला. उजव्या तीरावर पुढे टेकडीवर रेइश मागूशचा किल्ला. मागं वळून बघितलं की तिन्ही पूल एकाशेजारी एक. इथला जुना पूल १९८६ च्या जुलैत कोसळला होता. आता दिसतो तो सगळ्यात उंच, तारांनी पेललेला अटल सेतू २०१९ चा. ही नदी खाली मांडवी, वर म्हादई. उगम बेळगाव जिल्ह्यात, भीमगडच्या जंगलात. नान्नांना असलं ऐकायला आवडत असेल तर निघण्याआधीच सांगून ठेवा, बोटीवर सांगता येणार नाही.

नाचांत 'देखणी' नावाचा गोव्याचा नाच असेल तर लक्ष देऊन बघा. नाचणारी नावाड्याला पलीकडच्या तीराला सोड म्हणून विनवते, पायातलं पैंजणसुद्धा देऊ करते. नदीवर बसून नदीचाच नाच बघायला मिळतो. दुर्दैवानं पुष्कळदा दोन मिनिटांत गुंडाळतात, पुढं डीजे लावायचा असतो म्हणून.

अम्मांच्या भीतीला हसू नका. उजनीचं ज्यांनी ऐकलंय त्यांना भीती वाटणारच. नदीतल्या या बोटी मोठ्या, लोखंडी, आणि बंदर कप्तान खात्याकडे नोंदलेल्या असतात. किती माणसं घ्यायची तो आकडा बोटीवर लिहिलेला असतो. तो वाचा, जॅकेटं कुठं ठेवलीत ते विचारा, अम्मांना दाखवा. पण त्याआधी एक करा. पणजीहून बेतीला फेरीबोट जाते. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. पाच-सात मिनिटांत पलीकडे. रोज कामाला जाणारी माणसं, स्कूटर, शाळेची मुलं त्यात असतात. पहिल्या दिवशी दुपारी अम्मांना त्यात बसवा. ठीक वाटलं तर पुढचं ठरवा, नाही वाटलं तर एक पैसाही गेला नाही.

भद्रावतीपेठ

दादा, किती मनापासून लिहिलंत. एजंटला फोन केला. बोट चालणारी आहे म्हणाला, पण लेखी मागितल्यावर "बघून सांगतो". भरती-ओहोटीचं आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. सोलापूरच्या माणसाला पाणी म्हणजे तळं नाहीतर टाकी, ते वर-खाली होतं हे कुठून सुचणार!

यांचं अजून डिनरकडेच मन आहे. म्हणतात, पंचाहत्तरी आहे, जेवण पाहिजेच.

तुळजापूरवेस

मी ६८ वर्षांची आहे. माझा मुलगा दुबईला असतो. त्यानं आम्हा दोघांना तिथल्या खाडीत अशाच बोटीवर नेलं होतं, म्हणून लिहिते. तिथं लाकडी धाऊ असतात, दोन मजली. खाडीचं पाणी अगदी शांत, ताटातलं वरण हलत नाही. घेरदार झग्यातला एक माणूस गोल गोल फिरतो, तनूरा म्हणतात त्या नाचाला. झग्याला दिवे लावलेले असतात, आणि तो किती वेळ फिरला तरी त्याचा पाय अडखळत नाही. तो नाच मला फार आवडला. आमचे हे जेवून खुर्चीतच झोपले.

मला त्याहून आवडलं ते दुसऱ्या दिवशीचं. तिथं अब्रा नावाच्या छोट्या होड्या आहेत, एका दिरहॅममध्ये पलीकडे सोडतात. कामावरून परतणारी माणसं, हातात भाजीच्या पिशव्या. मी मुलाला म्हटलं, पुन्हा जाऊ. तीन वेळा गेलो. त्या मोठ्या बोटीचे पैसे मुलाच्या पगारातून गेले होते. तो सारखा माझ्या तोंडाकडे बघत होता, आई खूश आहे का म्हणून, आणि त्यामुळे मला धड जेवताही येईना.

तुम्ही सगळ्यांना विचारलंत. मुलाचं, मालकांचं, एजंटचं म्हणणं इथं लिहिलंत. नान्नांना विचारलंत का? आमच्या मुलानं आम्हाला विचारलं नव्हतं.

श्रवणतपासणी_लष्कर

मी सोलापुरात कानांच्या तपासणीचं काम करते. यंत्रमागावर काम केलेली माणसं रोज समोर बसतात, म्हणून दोन गोष्टी सांगते.

मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर जातो, आणि आठ तासांसाठी मर्यादाच ९० ची धरलेली आहे. अशा आवाजात वर्षानुवर्षं राहिलं की बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. म्हणून स, श, फ, त ही अक्षरं निसटतात. तुमचे वडील म्हणत असतील, "ऐकू येतंय, पण कळत नाही." ते अगदी खरं असतं, घरच्यांनी त्यांना हट्टी समजू नये.

गोंगाटात मशीन हवा तो आवाज वेगळा काढू शकत नाही, सगळंच एकत्र येऊन कानात आदळतं. डीजे सुरू झाला की मशीन काढू द्या. पण बोटीत चढताना आणि सूचना देत असताना ते कानातच असू दे. काढल्यावर खिशात सुटं ठेवू नका, डबीत ठेवा. गोव्याच्या दमट हवेत मशीनमध्ये ओल धरते. सिलिका जेलच्या पुड्या असलेली डबी न्या आणि रात्री त्यातच ठेवा. जास्तीच्या बॅटऱ्या सोबत असू द्या. कठड्याशी वाकताना मशीन पाण्यात पडलेले दोन पेशंट माझ्याकडे येऊन गेलेत, म्हणून दोरी लावून घ्या. आमच्याकडे मिळते, महाग नसते.

भद्रावतीपेठ (जाऊन आल्यावर)

कालच परतलो. तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, तर काय झालं ते सांगायलाच पाहिजे.

तुळजापूर वेशीच्या काकूंचं वाचलं त्याच रात्री नान्नांच्या जवळ बसून, तोंडासमोर तोंड करून विचारलं, रात्री जेवणाच्या बोटीत जायचं का? ते म्हणाले, "अंधारात पाणी काय बघायचं? विहिरीत वाकून बघितल्यासारखं." झालं. पंधरा दिवस जे ठरत नव्हतं ते एका वाक्यात ठरलं. आधी विचारलं नाही याचं मला वाईट वाटलं.

पहिल्या दिवशी दुपारी बेतीची फेरीबोट. अम्मानं नान्नांचं कोपर दोन्ही हातांनी धरलेलं. पलीकडे पोचेपर्यंत ती पाण्याकडे बघत नव्हती, शेजारच्या स्कूटरवर आईच्या पुढ्यात उभ्या राहिलेल्या एका लहान मुलीकडे बघत होती. ती मुलगी केळं खात होती, निवांत. परत येताना अम्मानं कोपर सोडलं. मग म्हणाली, अजून एकदा. असे आम्ही तीनदा गेलो-आलो, काकूंच्या अब्रासारखेच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळची तासाभराची फेरी. हॉटेलवाल्यानं भरतीची वेळ सांगितली, पण आमच्या फेरीला ती जुळत नव्हती. पाणी खाली होतं, फळी उतरती. दोन खलाशांनी अम्माला जवळजवळ उचलूनच आत घेतलं. आकड्याची पाटी मी वाचली, जॅकेटं बघितली, अम्मालाही दाखवली. खालच्या मजल्यावर डाव्या कठड्याशी बसलो.

पहिली वीस मिनिटं गाणं हळू होतं. सूर्य समोर, पाणी तांब्याच्या परातीसारखं. आदिलशहाच्या वाड्याचं मी आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं. तो दिसल्यावर नान्ना उठून उभे राहिले आणि म्हणाले, "गोल घुमटवाल्यांचं इथपर्यंत होतं?" सोलापूरहून शंभर किलोमीटरवरचं विजापूर त्यांनी कितीदा बघितलंय, पण त्याच घराण्याचा वाडा समुद्राजवळ उभा असेल हे त्यांच्या कल्पनेतच नव्हतं. वाडा मागं पडेपर्यंत ते वळून वळून बघत होते.

मग नाच सुरू झाले. देखणी खरंच दोन मिनिटांत संपवली, दादा. फुगडी मात्र पूर्ण झाली. बायका गोल धरून वाकल्या, टाळ्या घेऊ लागल्या, तशी अम्मा बसल्या जागी टाळ्या घ्यायला लागली. आमच्यात नवरात्राच्या दिवसांत बतुकम्मा असते, फुलांच्या भोवती असाच फेर धरतात. गुडघ्यांमुळे चार वर्षं ती फेरात उतरलेली नाही. तिच्या टाळ्यांचा ताल त्या बायकांच्या तालावर बरोबर पडत होता.

नंतर डीजे. आवाज खरोखरच फार मोठा होता, आणि बोट चालवणाऱ्यांनी तो कमी ठेवायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. मुलगा वर नाचायला पळाला. नान्नांनी शांतपणे दोन्ही मशीन काढली आणि डबीत ठेवली. मी यांच्या कानाला तोंड लावून ओरडत होते, हे माझ्या कानाला. आम्हा दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं. वैतागून मी अम्माकडे वळले, तर अम्मा आणि नान्ना बोलत होते.

हातांनी. तिनं दोन बोटं ओठांवर ठेवून भुवया उंचावल्या, म्हणजे पाणी पाहिजे का. त्यांनी तळवा आडवा हलवला, नको. मग त्यांनी कठड्यावर पंजा ठेवला, तिच्याकडे बघून मूठ गोल फिरवली, थांबले, पुन्हा फिरवली. तिनं मान हलवून समोर सूर्याकडे बोट केलं. हे दहा-पंधरा मिनिटं चाललं. चाळीस वर्षं त्या शेडमध्ये कोणालाच कोणाचं ऐकू येत नव्हतं, तिथं ते असंच बोलत आले. लहानपणी डबा घेऊन गेले की मी हे रोज बघायचे, आणि इतक्या वर्षांत विसरून गेले होते. त्या सबंध बोटीवर नीट बोलू शकणारी तेवढीच दोन माणसं होती.

उतरल्यावर अम्माला विचारलं, काय म्हणत होते? ती म्हणाली, कठड्याला हात लावून सांगत होते, खाली मशिनीत कुठलं तरी बेअरिंग घासतंय. मी म्हटलं, ते त्यांचं त्यांना बघू दे, तुम्ही सूर्य बघा.

साडेसातला जमिनीवर जेवलो. साधी शाकाहारी खानावळ, गरम पोळ्या एकेक करून पानात येत होत्या. अम्मानं पिशवीतून शेंगा चटणी काढली, वाढणाऱ्या मुलालाही दिली. गोळी वेळेवर. जेवण धरून सगळ्या संध्याकाळचा खर्च एजंटच्या आकड्याच्या निम्म्यातही आला नाही. उरलेल्या पैशांत नान्नांनी जाणाऱ्या-येणाऱ्या पोरांना आइस्क्रीम वाटायचं काढलं होतं, त्यांना आवरावं लागलं.

जे चांगलं नव्हतं तेही सांगते. तास फार लवकर संपतो. बोट समुद्र दिसायच्या आतच वळली. नान्नांना नदी समुद्राला मिळते ती जागा बघायची होती, म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी मिरामारच्या किनाऱ्यावर गेलो. तिथं ते चप्पल हातात घेऊन पाऊण तास उभे होते. मुलाचं म्हणणं, डीजे जेमतेम वीस मिनिटं मिळाला. त्याच्या वयाच्या मुलांना, मित्रांबरोबर, रात्रीच्या बोटीत खरंच मजा येईल. जुळे सोलापूरच्या दादांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबरच आहे.

जुळेसोलापूर

ताई, वाचून घरी फोन लावला. उन्हाळ्यात आई-बाबांना घेऊन जायचं ठरवतोय. डावीकडेच बसावं का? आणि ते बेअरिंग खरंच घासत होतं का हो?

भद्रावतीपेठ

जाताना डावीकडे पणजी दिसते, उजवीकडे रेइश मागूशचा किल्ला. बोट वळली की ज्याला जे राहिलं ते त्याच्या बाजूला येतं, त्यामुळे जागेसाठी धावू नका. कठडा मिळाला म्हणजे झालं. उन्हाळ्यात नेणार असाल तर सूर्य उशिरा बुडतो, फेरीची वेळ विचारून घ्या.

बेअरिंगचं मला काय कळतंय. पण अम्मानं अडवलं तरी उतरताना नान्नांनी एका खलाशाला थांबवलंच. कठड्यावर त्याचा पंजा ठेवायला लावला आणि मूठ फिरवून दाखवली. तो मुलगा विशीचा असेल. बोट बांधायची घाई होती, तरी त्यानं हात तसाच ठेवला, थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "हय काका, फाल्यां पळयतां." म्हणजे हो काका, उद्या बघतो. मशीन अजून डबीतच होती. नान्नांनी त्याच्या ओठांकडे बघितलं, मान हलवली आणि फळीवरून एकटेच वर चढून आले.